मुंबई राखायची कोणी?

मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यातले ४३ हजार कोटींहून अधिक भांडवली कामांसाठी होते. सागरी किनारा मार्गाचा उत्तरेकडचा टप्पा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, रस्त्यांचे काँक्रिटीकरण अशी ही कामे. एवढा पैसा हाताशी असलेली महापालिका देशात दुसरी नाही. त्याच वर्षी २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी आला आणि हिंदमाता, गांधी मार्केट यांसारख्या सखल भागांत पाणी भरले. पाणी उपसण्याची यंत्रणा तिथे होती, तिचे कंत्राटही दिलेले होते. पण ती वेळेवर सज्ज नव्हती. पालिकेने चार ठिकाणच्या छोट्या उदंचन केंद्रांच्या कंत्राटदारांना प्रत्येकी १० लाख रुपयांचा दंड केला.

मुंबईच्या देखभालीचा प्रश्न पैशाच्या टंचाईचा नाही, हे एवढ्यावरूनही कळते. गेल्या दोन दशकांत या शहराने रोजच्या देखभालीचे हळूहळू प्रकल्पांत रूपांतर केले. जे काम चौकीवरच्या माणसांनी रोज फिरून करायचे, ते वर्षातून एकदा निघणाऱ्या निविदेत गेले. जे दुरुस्त करायचे, ते पाडून नव्याने बांधायच्या यादीत गेले. पाणी, नाले, रस्ते आणि पूल या चार खात्यांचा कारभार पाहिला की याचा नफा-तोटा स्पष्ट होतो.

एक शहर, अनेक मालक

१८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने पालिकेची कर्तव्ये दोन प्रकारांत वाटली आहेत: बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणीपुरवठा, मलनिःसारण, सफाई, रस्ते आणि पूल, दिवाबत्ती ही बंधनकारक कामे. त्यांच्यासाठी मुख्यालयाशी जोडलेली खाती आहेत: जल अभियंता, पर्जन्य जलवाहिन्या, मलनिःसारण प्रचालन, रस्ते व वाहतूक, पूल, घनकचरा व्यवस्थापन. दुसरीकडे ‘ए’पासून ‘टी’पर्यंत पसरलेली विभाग कार्यालये. तिथे सहायक आयुक्तांच्या हाताखाली परिरक्षणाचे सहायक अभियंता, दुय्यम अभियंता, कनिष्ठ अभियंता आणि चौकीवरचे मुकादम व कामगार अशी उतरंड असते. मोठा नाला मध्यवर्ती खात्याचा, रस्त्याकडेचे गटार विभागाचे. मुख्य जलवाहिनी एका अभियंत्याची, तिच्यावरचा रस्ता दुसऱ्याचा.

पालिकेबाहेरची विभागणी याहून गुंतागुंतीची आहे. रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्ट सांभाळते, उपनगरांत वीज कंपन्या. रेल्वेमार्गावरून जाणाऱ्या पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे चढ पालिकेचे. काही उड्डाणपूल राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधले, काही मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए). पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग नोव्हेंबर २०२२मध्ये एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले. तोवर त्यांच्यावरच्या खड्ड्यांसाठी नागरिक शिव्या पालिकेला घालत आणि पालिका बोट एमएमआरडीएकडे दाखवत असे.

तक्रार करणाऱ्याला १९१६ हा क्रमांक दिलेला आहे. तो आपत्कालीन नियंत्रण कक्षात वाजतो आणि तक्रार संबंधित विभागाकडे जाते. व्यवस्था चांगली आहे. पण ती काहीतरी बिघडल्यानंतर सुरू होते. बिघडण्याआधी कोण, कधी, काय पाहून आले, याची नोंद नागरिकाला कुठे दिसत नाही. पुढच्या प्रत्येक खात्यात हीच उणीव वेगळ्या रूपात भेटते.

पाणी: चावीवाल्यांच्या भरवशावर

मुंबईला पाणी देणारी सात धरणे दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने झाली. विहार १८६०मध्ये, तुळशी १८७९मध्ये, तानसा १८९२मध्ये. स्वातंत्र्यानंतर मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४मध्ये मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी शहरातच आहेत. बाकीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून, बहुतांशी उताराच्या जोरावर येते. भांडुप संकुल आणि पांजरापूर इथे ते शुद्ध होते, टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत साठते आणि तिथून विभागाविभागाने सोडले जाते. रोजचा पुरवठा साधारण ३,८०० ते ३,९०० दशलक्ष लिटरच्या घरात आहे. जगातल्या मोठ्या जलव्यवस्थांत ही गणली जावी, इतके हे काम पक्के आहे.

पण नळाला पाणी दिवसातले काही तासच येते. शहराचे पुरवठा क्षेत्रांत तुकडे केलेले आहेत आणि ठरल्या वेळी रस्त्यातल्या झडपा उघडून, बंद करून पाणी एका भागातून दुसऱ्याकडे वळवले जाते. हे काम चावीवाले करतात. कोणती झडप किती फेरे फिरवली की कोणत्या गल्लीत दाब पडतो, कुठली झडप गंजली आहे, कुठे नकाशात नसलेली जोडणी आहे, हे त्यांना ठाऊक असते. लिसा ब्यॉर्कमन यांचे ‘पाइप पॉलिटिक्स’ आणि निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ ही मुंबईच्या पाण्यावरची दोन अभ्यासपूर्ण पुस्तके. दोन्हींत हेच दिसते की अभियंत्यांचे कागदोपत्री ज्ञान अपुरे पडते तिथे चावीवाला, प्लंबर आणि वस्तीतला जाणकार यांच्या माहितीवर ही व्यवस्था चालते.

गळती शोधण्याचे कामही असेच कानाचे आहे. रात्री रहदारी थांबली की लोखंडी सळईचे एक टोक जमिनीत वा झडपेवर आणि दुसरे कानाशी धरून कर्मचारी वाहत्या पाण्याचा आवाज ऐकतात. आता यंत्रे आली आहेत, पण आवाज ओळखणारा कान अजून लागतोच. हे काम केवळ पाणी वाचवण्याचे नाही. पुरवठा थांबला की जलवाहिनीतला दाब जातो आणि शेजारच्या गटारातले पाणी फुटक्या जागेतून आत ओढले जाते. जुन्या वाड्या-चाळींत दूषित पाण्याच्या तक्रारी येतात त्या बहुधा इथून. म्हणजे गळतीची दुरुस्ती हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे, आणि ते रोजचे आहे.

पाण्याच्या खात्यातली दोन अलीकडची प्रकरणे या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडतात. पहिले ठाण्यातले. तिथे कोणीतरी खोदलेल्या बोअरवेलने पालिकेच्या भूमिगत जलबोगद्याला भोक पाडले. बोगदा दुरुस्तीसाठी बंद करावा लागला आणि ३१ मार्च २०२३पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली. बोगदा खडकात, जमिनीच्या पोटात खोल. तो कुठून जातो हे त्याच्या मालकाला माहीत होते. खोदणाऱ्याला माहीत नव्हते आणि त्याला अडवणारी यंत्रणाही नव्हती.

दुसरे प्रकरण मलबार टेकडीच्या जलाशयाचे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा जलाशय पाडून नवा बांधण्याची सुमारे ६९८ कोटींची योजना २०२३मध्ये पुढे आली. त्यात ३८९ झाडांचा प्रश्न होता. स्थानिकांनी हरकत घेतली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, सदस्य रिकाम्या कप्प्यांत उतरून पाहून आले. आयआयटीच्या तज्ज्ञांनी मत दिले की संपूर्ण पुनर्बांधणीची तातडी नाही, दुरुस्तीने काम भागेल. पाडण्याचा मूळ बेत मागे पडला. आत उतरून नीट पाहणे ही खरे तर योजनेची पहिली पायरी. इथे ती लोकांनी आरडाओरडा केल्यावर आली.

नाले: दिसत नाही त्याचे मोजमाप

ब्रिटिशकाळात आखलेल्या पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता भरतीची वेळ नसेल तर तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची मानली जाई. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती दुप्पट करण्याची शिफारस केली. तो अहवाल बारा वर्षे जवळजवळ पडूनच होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मग कामाला वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करायचे आणि साचलेले पाणी पंपांनी बाहेर फेकायचे, हे त्यांचे काम. हिंदमातासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या झाल्या. या गुंतवणुकीचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पूर्वी जिथे दिवस दिवस पाणी तुंबे, तिथे आता काही तासांत ओसरते.

पण पंपापर्यंत पाणी पोहोचायचे तर नाला मोकळा हवा. नालेसफाई हा मुंबईचा वार्षिक सोहळा आहे. वर्षभराच्या गाळापैकी सुमारे ८० टक्के ३१ मेपूर्वी आणि उरलेला पावसाळ्यात व नंतर काढायचा, असे वेळापत्रक आणि प्रत्येक टप्प्याचे कंत्राट. कंत्राटदाराला पैसे काढलेल्या गाळाच्या वजनावर मिळतात. अडचण अशी की काढलेला गाळ कुठेतरी दूर टाकला जातो आणि राहिलेला गाळ पाण्याखाली असतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. उरतो तो वजनकाट्याचा कागद. मे २०२५मध्ये मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. पालिकेने त्यानंतर चित्रफिती, छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांची छाननी यांवर भर दिला आहे. उपाय योग्य दिशेचे आहेत, तरी ते कागदावर पहारा ठेवतात. पाऊस ३१ मेची वाट पाहत नाही, हे २०२५ने दाखवले. नाल्यावर वर्षभर फिरणारा कामगार असेल तर त्याला कुठल्या वळणावर प्लॅस्टिक अडते हे सांगायला चित्रफीत लागत नाही.

मॅनहोल हा या विषयाचा सर्वांत कडू भाग. २९ ऑगस्ट २०१७च्या अतिवृष्टीत एल्फिन्स्टन रोड परिसरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. पाणी ओसरावे म्हणून कुणीतरी झाकण उघडले होते. मलनिःसारण आणि पर्जन्य वाहिन्या मिळून शहरात सुमारे १ लाख मॅनहोल आहेत. झाकणाखाली संरक्षक जाळी बसवण्याचे काम उच्च न्यायालयाने वारंवार कानउघाडणी केल्यावर पुढे सरकले. जाळी स्वस्त आहे, बसवायला सोपी आहे, आणि तिच्या उद्घाटनाला कोणी मंत्री येत नाही.

रस्ते: खड्ड्यापासून काँक्रीटपर्यंत

पालिकेच्या अखत्यारीत सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. डांबरी रस्त्याचा शत्रू पाणी. कडेचे गटार तुंबले की पाणी रस्त्यावर थांबते, थरांत मुरते, खडी सुटी होते आणि वाहनांच्या चाकांनी खड्डा पडतो. दुसरा शत्रू चर. जलवाहिनी, वीज, गॅस, इंटरनेट यांच्यासाठी रस्ता खणला जातो आणि चर बुजवताना दाबाई नीट झाली नाही की पुढच्या पावसात तीच पट्टी खचते. वरळीच्या पालिकेच्या डांबर प्रकल्पातून आलेले मिश्रण, मॅस्टिक, कोल्डमिक्स असे खड्डे भरण्याचे अनेक प्रकार झाले. भर पावसात टाकलेले यातले फार थोडे टिकते.

यावर पालिकेने काढलेला तोडगा म्हणजे सगळे रस्ते काँक्रीटचे करणे. जानेवारी २०२३मध्ये सुमारे ४०० किलोमीटरसाठी जवळपास ६ हजार कोटींची कामे दिली गेली. २०२४मध्ये आणखी ३०० किलोमीटरहून अधिक. काँक्रीट टिकते, पावसाला दाद देत नाही, हे खरे. कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो आणि त्या काळात रस्ता बिघडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. कागदावर हे फायद्याचे.

व्यवहारात मात्र दोन गोष्टी होतात. काँक्रीटच्या खाली शंभर वर्षांची जलवाहिनी तशीच राहिली तर ती फुटल्यावर नवा रस्ता कापावाच लागतो. शिवाय दोषदायित्व असलेला रस्ता विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातून निसटतो. तडा दिसला तरी त्याने कंत्राटदाराला पत्र लिहायचे आणि वाट पाहायची. देखभाल म्हणजे पत्रव्यवहार होऊन बसतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूंसाठी वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. देखभालीतल्या हयगयीला रोख किंमत लागली. या निकालाचे महत्त्व रकमेपेक्षा त्याच्या दिशेत आहे: खड्डा आपोआप पडत नाही, त्याला जबाबदार असा कोणीतरी असतो, हे त्याने मानले.

पूल: तपासणी झाली होती

३ जुलै २०१८ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर शहरभर पुलांच्या संरचनात्मक तपासण्यांचा धडाका सुरू झाला. १४ मार्च २०१९ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून सात जण मरण पावले. या पुलाची तपासणी झालेली होती आणि अहवालात किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरवली होती. तपासणी करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. तपासणीही एक कंत्राट होऊन बसली होती, हा त्यातला खरा धडा.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. गोखले पूल नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला आणि पाडला गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा ती सुमारे दोन मीटर उंच निघाली. रेल्वेच्या नव्या निकषानुसार उंची वाढली होती, जोडणीचा विचार मागे राहिला होता. बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलून जुलै २०२४मध्ये जोडला गेला. अभियंत्यांचे ते काम कौतुकाचे, पण ते करण्याची वेळ यायला नको होती. संपूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. मशीद बंदरजवळचा कारनॅक पूलही नोव्हेंबर २०२२मध्ये पाडून जुलै २०२५मध्ये ‘सिंदूर पूल’ म्हणून उघडला. जुने पूल कधीतरी बदलावेच लागतात. मात्र दशकानुदशके सांधे, बेअरिंग, गंज आणि पाणी निचऱ्याकडे पाहिले असते, तर ते एकामागोमाग एक, शहराची कोंडी करत बदलावे लागले नसते.

माणसे आणि नोंदी

चारही खात्यांत एक धागा समान आहे. कायम नोकरीतली, भाग ओळखणारी माणसे कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी कंत्राट येत आहे. सफाई कामगारांच्या बाबतीत हे न्यायालयापर्यंत गेले. वर्षानुवर्षे कंत्राटी म्हणून राबवलेल्या २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७मध्ये कायम केला. प्रश्न त्यांच्या पगाराचा होताच, पण शहराच्या बाजूने पाहिले तर स्मरणाचाही होता. कंत्राट बदलले की माणूस बदलतो आणि त्याच्यासोबत त्या गल्लीची माहिती जाते. झोपडपट्ट्यांतल्या सामुदायिक शौचालयांत तर उलटा प्रकार: बांधकाम पालिकेचे वा म्हाडाचे, देखभाल स्थानिक संस्थेवर सोडलेली, आणि मलटाकी भरली की जबाबदारी कोणाचीच नाही.

पलीकडे पाहण्यासारखी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि वापरानुसार वाढत जाणारे दर यशस्वी केले. गावाचा आकार लहान, म्हणून ती पद्धत मुंबईत जशीच्या तशी चालणार नाही. पण प्रत्येक जोडणी मोजायची आणि गळती लगेच पकडायची ही शिस्त आकारावर अवलंबून नाही. नागपूरने २०१२पासून खासगी कंपनीकडे पाणी सोपवून पाहिले. दर, मीटर आणि तक्रारी यांवरून तिथे वाद झडत राहिले. खासगीकरणाने देखभालीचा प्रश्न आपोआप सुटत नाही आणि सरकारी राहिल्यानेही नाही. कामाची नोंद आणि ती पाहणारा डोळा दोन्हीकडे लागतो.

मुंबईत तो डोळा मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षे मिटलेला होता. नगरसेवक नव्हते, प्रभाग समित्या नव्हत्या, प्रशासकाच्या सहीने हजारो कोटींची कामे निघाली. गटाराच्या झाकणासाठी अभियंत्याला फोन करणारा नगरसेवक हा देखभालीच्या साखळीतला शेवटचा दुवा असतो. तो त्या काळात तुटलेला होता.

निष्कर्ष सरळ आहे. मुंबईला नव्या बांधकामाचे कौशल्य आहे, पैसा आहे, आणि जुने राखणारी माणसेही अजून थोडीफार आहेत. कमी आहे ती राखण्याला मिळणारी प्रतिष्ठा. अर्थसंकल्पात प्रत्येक पूल, जलाशय, उदंचन केंद्र आणि शाळेच्या इमारतीसाठी वार्षिक देखभालीची वेगळी रक्कम दाखवावी. प्रत्येक पुलाच्या तपासणीची तारीख आणि अहवाल जाहीर असावा. जमिनीखालच्या वाहिन्यांचा एकच नकाशा सर्व संस्थांना बंधनकारक करावा आणि त्याशिवाय खोदकामाची परवानगी देऊ नये. विभागाच्या चौकीवर कायम माणसे भरावीत आणि निवृत्त होणाऱ्या चावीवाल्याची माहिती लिहून घ्यावी. यातले काहीही हजार कोटींचे नाही.

वाचकांनी करण्यासारखे एक काम आहे. आपल्या नगरसेवकाला यापुढे नवे काय बांधणार हे विचारण्याआधी, प्रभागातले कोणते नाले, पूल आणि जलवाहिन्या गेल्या वर्षी कोणी तपासल्या, त्याचा कागद मागावा. कागद मिळाला तर वाचावा. नाही मिळाला तर पुन्हा मागावा.